उसन्या विमानांची गस्त : लोहगाव ते दाबोळी



विषय समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानांचा, आणि आपण जमलोय चंद्रपुरात. इथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र गाठायला रात्रभराचा प्रवास आहे. पण लष्करी सामान म्हणजे काय, ते बनवायला किती हात लागतात, हे भद्रावतीच्या आयुध निर्माणीमुळे आपल्या भागात बऱ्याच घरांना ठाऊक आहे. आणि गस्त म्हणजे काय, हे तर ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्यांना सांगायलाच नको.

वनरक्षक बीटवर फिरतो तेव्हा त्याला रोज वाघ दिसतो का? नाही. पगमार्क दिसतात, झाडावरचे ओरखडे दिसतात, कॅमेरा ट्रॅपमध्ये एखादा फोटो सापडतो. पाणबुडी शोधणाऱ्या विमानाचं काम असंच आहे. विमान पाण्यात लहान लहान तरंगती यंत्रं टाकतं. त्यांना सोनोबॉय म्हणतात. ती पाण्याखालचे आवाज ऐकून वर कळवतात. पाणबुडीच्या लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित फरक पडतो, तो टिपणारं यंत्र काही विमानांच्या शेपटीत असतं. शिवाय डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करायला अधूनमधून वर यावंच लागतं. वर विमान फिरतंय म्हटलं की तिला ते अवघड होतं. म्हणजे काही सापडलं नाही तरी गस्तीचा धाक असतोच. शिकाऱ्याला बीटवर माणूस आहे हे नुसतं माहीत असलं तरी फरक पडतो ना, तसं.

फरक आहे तो पसाऱ्याचा. चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून साधारण 26 हजार चौरस किलोमीटर. भारताच्या हक्काचं सागरी आर्थिक क्षेत्र 20 लाख चौरस किलोमीटरांहून जास्त, म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या सुमारे 80 पट. आणि एवढ्यासाठी लांब पल्ल्याची विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

स्वातंत्र्यानंतर ही विमानं आली कुठून, ते बघा. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेची लिबरेटर नावाची बॉम्बफेकी विमानं कानपूरला पडून होती. पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोड केलेली. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टनं 1948 पासून ती एकेक करून पुन्हा उडती केली. जमशेद मुन्शी नावाचे वैमानिक ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेत. हवाई दलाच्या 6 क्रमांकाच्या स्क्वाड्रननं पुण्याच्या लोहगावहून याच विमानांनी अरबी समुद्रावर गस्त घातली. 1968 पर्यंत ती चालली. भंगारातून उभ्या केलेल्या विमानांनी वीस वर्षं काढली, याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

त्यांच्या जागी काय आलं? एअर इंडियाची सुपर कॉन्स्टेलेशन. बोइंग 707 आल्यावर एअर इंडियाला या पंख्याच्या विमानांची गरज उरली नाही, ती हवाई दलाकडे गेली. प्रवासी विमान दूरवर उडतं, तासन् तास हवेत राहतं, पण पाणबुडी शोधायला ते बनवलेलंच नव्हतं.

आता 1971. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पश्चिम किनाऱ्याजवळ पाकिस्तानी पाणबुडी असल्याची चाहूल नौदलाला लागली. शोधायला खुकरी आणि किरपाण या युद्धनौका पाठवल्या. पाणबुडीचं नाव हँगोर, बांधणी फ्रेंच, आणि खुकरीच्या सोनारपेक्षा तिला दूरचं ऐकू येत होतं. 9 डिसेंबरला संध्याकाळी दीवजवळ हँगोरनं खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. पुढं काही दिवस शोध चालला, पण हँगोर कराचीला सुखरूप पोचली.

एक चांगलं गस्ती विमान असतं तर खुकरी वाचली असती, असं मी म्हणणार नाही. इतिहासात असे हिशेब मांडता येत नाहीत. पण पाणबुडी शोधायला जहाज जातं तेव्हा ते पाणबुडीच्या टप्प्यात जातं. विमान जात नाही. हा फरक त्या रात्री फार महाग पडला.

युद्धानंतर प्रश्न आला तो मालकीचा. समुद्रावरची गस्ती विमानं हवाई दलाकडं असावीत की नौदलाकडं? दोन्ही बाजूंना मुद्दे होते. मोठी विमानं चालवायचा अनुभव हवाई दलाचा, तर समुद्रात काय शोधायचं हे नौदलाला जास्त ठाऊक. हा वाद निकालात निघायला पाच वर्षं गेली. नोव्हेंबर 1976 मध्ये सुपर कॉन्स्टेलेशन नौदलाकडं आली आणि गोव्यात दाबोळीला त्यांची स्क्वाड्रन उभी राहिली. मालक बदलला, विमानं मात्र तीच जुनी.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 1977 मध्ये, सोव्हिएत संघाकडून आयएल-38 आली. पाण्याखालचा शत्रू शोधण्यासाठीच घडवलेली ही पहिली मोठी विमानं. पण तीही सोव्हिएत नौदलानं वापरलेली, आणि फक्त पाच. सोव्हिएत संघाशी व्यवहार रुपयांत व्हायचा. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला हा मोठा दिलासा होता. म्हणून खरेदीच्या या गोष्टीत विमानाच्या गुणांइतकंच महत्त्व पैसे कसे द्यायचे याला आहे.

1988 मध्ये आठ टीयू-142 आली, थेट कारखान्यातून नवी. चार इंजिनांची, प्रचंड पल्ल्याची विमानं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मालदीवमध्ये बंड झालं. बंडखोर ओलिसांना घेऊन ‘प्रोग्रेस लाइट’ या जहाजातून पळाले. गोव्याहून उडालेल्या गस्ती विमानांनी ते जहाज नजरेआड होऊ दिलं नाही आणि नौदलाच्या गोदावरीनं ते अडवलं. आपल्या सिरोंच्यापाशी वाहणाऱ्या नदीचंच नाव त्या युद्धनौकेला होतं.

मग 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला. विमानं दाबोळी आणि अरक्कोणमला, पण त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आता वेगवेगळ्या देशांत. मोठ्या दुरुस्तीसाठी टीयू-142 रशियात तागानरोगला न्यायची. ती तिकडं असली की इकडं गस्तीला तेवढी कमी. विमान विकत घेताना आपण त्याच्या पुढच्या तीस वर्षांचा दुकानदारही निवडत असतो, हे तेव्हा सगळ्यांना नीट कळलं.

1 ऑक्टोबर 2002. आयएल-38 च्या स्क्वाड्रनला 25 वर्षं झाल्याचा सोहळा. दाबोळीवर जोडीनं उडणारी दोन विमानं एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले सगळे 12 जण गेले, जमिनीवरचेही काही लोक गेले. ती माणसं म्हणजे वर्षानुवर्षांच्या सरावानं तयार झालेले कान आणि डोळे होते. पाचातली दोन विमानं एका क्षणात गेली, आणि ताफा लहान असण्याचा अर्थ देशाला त्या दिवशी कळला. नंतर रशियाकडून आणखी दोन आली, जुन्यांत नवी यंत्रणा बसवली, आणि आयएल-38 ची गोष्ट लांबत राहिली. शेवटची विमानं ऑक्टोबर 2023 मध्ये दाबोळीलाच निवृत्त झाली. म्हणजे 46 वर्षं.

दरम्यान नवं विमान निवडलं गेलं. बोइंगच्या 737 या प्रवासी विमानावर बेतलेलं पी-8आय. जानेवारी 2009 मध्ये आठ विमानांचा करार झाला, सुमारे 2.1 अब्ज डॉलरचा. मुंबईवरच्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. पण निवडीचं काम त्याआधीपासून चालू होतं. आणि हेही लक्षात घ्या, की ‘कुबेर’सारखी मासेमारी बोट हजारो बोटींच्या गर्दीतून ओळखणं हे एकट्या विमानाचं काम नाही. त्याला किनाऱ्यावरचं रडार, बोटींची नोंदणी आणि जागरूक कोळी बांधव लागतात.

पहिलं पी-8आय अरक्कोणमला उतरलं मे 2013 मध्ये. सही ते विमान, चार वर्षं चार महिने. टीयू-142 मार्च 2017 मध्ये निवृत्त झाली, म्हणजे नवी आणि जुनी काही वर्षं शेजारी शेजारी उडाली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वात शहाणपणाचा भाग हाच. जुन्या माणसांनी नव्यांना समुद्र शिकवला. 2016 मध्ये आणखी चारांचा करार झाला आणि 2022 मध्ये दाबोळीला दुसरी स्क्वाड्रन उभी राहिली. एकूण बारा. आणखी सहा घ्यायला संरक्षण मंत्रालयानं 2019 मध्ये मंजुरी दिली, 2021 मध्ये अमेरिकेनं विक्रीला होकार दिला, पण त्यानंतरही सही वर्षानुवर्षं रेंगाळली. तेवढ्यात विमानाची किंमत थांबून राहत नाही.

मधल्या पल्ल्यासाठी फेब्रुवारी 2024 मध्ये सी-295 या विमानाच्या पंधरा गस्ती आवृत्त्यांना प्राथमिक मंजुरी मिळाली, नऊ नौदलाला, सहा तटरक्षक दलाला. हे नाव विदर्भात लोकांच्या लक्षात असेल. याच विमानाचा टाटा-एअरबसचा प्रकल्प नागपूरच्या मिहानला येईल अशी आशा होती, तो वडोदऱ्याला गेला. त्याचं दुःख आहेच. पण देशात अशी विमानं बनणार आहेत, म्हणजे सुट्या भागांसाठी दर वेळी तागानरोग गाठावं लागणार नाही, ही गोष्ट त्याहून मोठी आहे.

सारांश सांगतो. लिबरेटर भंगारातली, सुपर कॉन्स्टेलेशन प्रवासी कंपनीची, आयएल-38 दुसऱ्या नौदलाची. गरज ओळखायला आपण कमी पडलो नाही. गरज ओळखल्याच्या दिवसापासून विमान उतरेपर्यंतचा काळ आपण कुणाच्या तरी जुन्या विमानावर काढला, आणि तात्पुरती सोय कायमची झाली. त्या काळाची किंमत कुठल्याही करारात लिहिलेली नसते. ती विमानात बसणारी माणसं भरतात.

म्हणून पुढच्या वेळी पेपरात एखाद्या खरेदीची बातमी वाचाल तेव्हा किती कोटींचा सौदा, एवढ्यावर थांबू नका. जुनं कधी निवृत्त होणार, नवं कधी येणार, मधल्या काळात गस्तीला कोण जाणार आणि सुटे भाग कुठून येणार, हे चार प्रश्न विचारा. त्यांची उत्तरं बातमीत नसतील, तर अर्धी बातमी अजून छापायची राहिली आहे असं समजा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.