नवरा-बायको, माय-लेक, बाप-लेक: कुटुंबानं मिळून ऐतिहासिक कादंबरी कशी लिहिली जाते?

कादंबरी म्हटलं की एकटा लेखक डोळ्यासमोर येतो. पण अमेरिका आणि कॅनडातल्या ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या जगात एकाच घरातल्या दोन लेखकांची नावं मुखपृष्ठावर दिसणं नवीन नाही. हे जमतं कसं? समजून घेऊया.

हा प्रकार नेमका काय?

काळ आणि घटना खऱ्या, बरीचशी पात्रं काल्पनिक आणि कथेच्या मुळाशी श्रद्धेचा प्रश्न. जेनेट ओक यांच्या 1979 च्या 'लव्ह कम्स सॉफ्टली'नंतर या कादंबऱ्यांना मोठा वाचकवर्ग मिळाला. (हे ओक कॅनडातले, आपल्याकडचे नव्हेत!)

कोणी कोणी एकत्र लिहिलं?

• नवरा-बायको: बोडी आणि ब्रॉक टेनी. 'झायन क्रॉनिकल्स' ही मालिका इस्रायलच्या स्थापनेच्या काळातली, तर 'झायन कव्हेनंट' नाझी सावटाखालच्या युरोपातली. त्यांची मुलं जेक आणि ल्यूक हेही पुढे लेखक झाले.

• माय-लेक: जेनेट ओक आणि लॉरेल ओक लोगन. 2014 च्या 'व्हेअर करेज कॉल्स'मध्ये एक तरुण शिक्षिका पश्चिम कॅनडातल्या खाणकामगारांच्या वस्तीत जाते.

• बाप-लेक: गिल्बर्ट मॉरिस आणि मुलगी लिन. त्यांच्या मालिकेची नायिका शेनी डुव्हाल ही अमेरिकी गृहयुद्धानंतरच्या काळातली डॉक्टर. तेव्हा स्त्री डॉक्टर हीच मोठी बातमी होती.

कामाची वाटणी कशी होते?

टेनी दांपत्याचं उदाहरण बोलकं आहे. बोडी पत्रकारितेतून आलेल्या, त्यामुळे प्रत्यक्ष लेखन प्रामुख्याने त्यांचं. ब्रॉक इतिहास आणि शिक्षणशास्त्राचे पदवीधर. संशोधन, कथानकाचा आराखडा आणि तपशिलांची अचूकता ही बाजू त्यांची. फायदा असा की लिहिणारा हात एकच राहिला, तर भाषा प्रकरणागणिक बदलत नाही.

मग श्रेय कोणाचं?

खरी अडचण इथेच येते. 'झायन' मालिकांच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर लेखक म्हणून बोडी यांचं नाव होतं, नंतरच्या आवृत्त्यांवर दोघांचं आलं. पुस्तक तेच, पण संशोधन हेही लेखनच, ही कबुली मुखपृष्ठावर आली. घरात 'तू फक्त मदत केलीस' हे वाक्य किती लागतं, हे वेगळं सांगायला नको.

श्रद्धा आणि इतिहास यांचा मेळ कसा?

टेनींच्या 'ए. डी. क्रॉनिकल्स' मालिकेत येशूचा काळ आहे. अशा ठिकाणी कल्पनेला मर्यादा येते. पूजनीय व्यक्तीच्या तोंडी नवे संवाद घातले तर श्रद्धाळू वाचक दुखावतो, आणि पुरावा वाकवला तर अभ्यासक. सोपी वाट म्हणजे काल्पनिक माणूस मध्यभागी ठेवून त्याच्या नजरेतून काळ दाखवायचा.

तुम्हालाही घरच्यांसोबत लिहायचंय?

1. संशोधन कोण करणार आणि लिहिणार कोण, हे आधीच ठरवा.
2. मतभेद झाल्यास अंतिम शब्द कोणाचा, तेही ठरवा.
3. श्रद्धेबाबत घरात एकमत नसेल, तर दोन्ही बाजू दोन पात्रांना द्या. वाद जेवणाच्या ताटावरून कथेत जाईल.
4. खरं काय आणि कल्पित काय, हे शेवटच्या टिपणात वाचकाला सांगा.
5. मुखपृष्ठावर कोणाची नावं येणार, हे पहिलं पान लिहिण्याआधीच बोलून घ्या.