हाड मोजल्याशिवाय टाका नको

खांदा वरचेवर निखळू लागला की तपासणीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. एक एक्स-रे, मग एमआरआय; अहवालात ‘लॅब्रम’, म्हणजे खांद्याच्या वाटीची मऊ किनार, ‘फाटला आहे’ असे आले की दुर्बिणीतून तो शिवायचा. यामागचा युक्तिवाद असा: दुखणे मऊ भागाचे आहे, एमआरआयमध्ये तो उत्तम दिसतो, हाडही दिसतेच; मग तरुण शरीरावर सीटी स्कॅनचे किरण कशाला?

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. लंडनच्या ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ मध्ये वाटीच्या पुढच्या कडेपासून सुटलेल्या लॅब्रमकडे लक्ष वेधले आणि तो पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. पहिल्यांदाच निखळलेल्या खांद्याला एवढा विचार पुष्कळदा पुरतो. दहाव्यांदा निखळलेल्या खांद्याला तोच लावणे मात्र मला मान्य नाही. दर खेपेला दंडाच्या हाडाचा गोल पुढे घसरताना वाटीची कड झिजवतो किंवा तिचा तुकडा उडवतो, आणि त्याच कडेवर दाबला जाऊन स्वतःच्या मागच्या अंगाला खाच पाडून घेतो. हिल आणि सॅक्स या अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञांनी १९४० मध्ये वर्णन केली ती हीच खाच. जपानमध्ये सुगाया आणि सहकाऱ्यांनी असे १०० खांदे त्रिमिती सीटीने पाहिले (२००३), तेव्हा निर्दोष वाटी फक्त १० खांद्यांत निघाली.

याचा परिणाम किती? बर्कहार्ट आणि द बीअर यांनी २००० मध्ये दुर्बिणीने शिवलेल्या १९४ खांद्यांचा हिशेब मांडला. हाड शाबूत असलेल्यांपैकी ४ टक्के पुन्हा निखळले वा सैल पडले. हाडाची मोठी हानी असलेल्यांपैकी ६७ टक्के. टाके घालण्याची रीत दोन्हीकडे तीच होती.

‘एमआरआयमध्ये हाड दिसतेच’ हे खरे. पण दिसणे आणि मोजता येणे यांत अंतर आहे. नेहमीच्या एमआरआयचे काप तीन-चार मिलिमीटर जाडीचे असतात. काप वाटीच्या तोंडाला समांतर नसला किंवा जरा आत, वाटीच्या मानेतून गेला, की रुंदी बदलते. त्रिमिती सीटीत दंडाचा गोल चित्रातून काढून टाकता येतो, वाटी थेट समोरून दिसते, आणि खालच्या भागावर वर्तुळ बसवून गेलेले हाड मोजता येते. साध्या एक्स-रेचे तर विचारायलाच नको: झीज कडेच्या पुढच्या अंगाला असते आणि समोरून काढलेल्या चित्रात ती सहज लपते.

वाटीचे चार मिलिमीटर गेल्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. समजा, वाटीची मूळ रुंदी २५ मिलिमीटर आहे. डी जाकोमो, इतोई आणि बर्कहार्ट यांच्या २०१४ च्या सूत्रानुसार तिचे ८३ टक्के, म्हणजे सुमारे पावणेएकवीस मिलिमीटर, हा गोलावरचा सुरक्षित पट्टा. खाचेचा विस्तार, स्नायूच्या जोडापासून मोजून, १८ मिलिमीटर असला तर ती पट्ट्याच्या आत राहते. वाटीचे चार मिलिमीटर गेले की पट्टा उरतो पावणेसतरा, आणि तीच खाच आता कडेत अडकू शकते. खाच तसूभरही वाढलेली नाही! शिवाय ही झीज १६ टक्केच, वीस-पंचवीस टक्क्यांच्या जुन्या धोक्याच्या रेषेखाली.

‘दुर्बीण घातल्यावर दिसेलच’ हे उत्तर मला सर्वांत गैर वाटते. हाड बसवण्याची लाटार्जे शस्त्रक्रिया वेगळी, तिचे धोके वेगळे. तिची चर्चा रुग्ण भुलीत असताना कशी करणार? किरणांचा आक्षेप गंभीर आहे. पण खांद्याच्या एका सीटीचा डोस साधारणपणे वर्षभराच्या नैसर्गिक किरणोत्साराएवढा असतो, आणि फसलेली शस्त्रक्रिया त्याहून महाग पडते. एमआरआयच्या नव्या, हाडासाठी घडवलेल्या पद्धती सीटीच्या जवळ आल्या आहेत. त्या जिथे आहेत आणि वाचणारा जाणकार आहे, तिथे सीटी टाळावा.

बाकी ठिकाणी, ज्याचा खांदा पुन्हा पुन्हा निखळतो त्याने शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना दोन आकडे विचारावेत: वाटीचे हाड किती टक्के गेले आहे, आणि खाच पट्ट्याच्या आत आहे की बाहेर.