पैनगंगेकाठचे उष्णोदक : हिंगोली ते उनकेश्वर या वाटेचा इतिहास

मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या मधून वाहणारी पैनगंगा ही हिंगोली जिल्ह्याची उत्तरेकडील नदी होय. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावून ती वाशीम, हिंगोली आणि यवतमाळच्या सीमा शिवत पूर्वेकडे वळते, माहूरच्या डोंगरांना वळसा घालते आणि पुढे वर्धा नदीला मिळते. याच नदीच्या खालच्या अंगाला, नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडील किनवट-माहूरच्या वनप्रदेशात, उनकेश्वर हे उष्णोदकाचे, म्हणजे भूगर्भातून येणाऱ्या ऊन पाण्याचे, शिवस्थान आहे. कळमनुरी, हदगाव, उमरखेड आणि माहूर या मार्गाने हिंगोलीकर आज तेथे जाऊन एका दिवसात परत येऊ शकतो. ही सोय मात्र अगदी अलीकडची असून, तिच्या मागे सीमा, छावण्या, रेल्वे आणि रोग यांचा दीर्घ इतिहास उभा आहे.

ऊन पाण्याच्या झऱ्यांचा संबंध लोक सहजच ज्वालामुखीशी जोडतात; परंतु महाराष्ट्रात आज जागृत ज्वालामुखी नाही, आणि दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्हापासून बनला तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच थंड झालेला आहे. पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे खोल उतरते, दर किलोमीटरला साधारणपणे 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढत जाणाऱ्या भूगर्भीय उष्णतेने तापते आणि भ्रंश, म्हणजे भूकवच जेथे तुटून सरकले आहे अशी रेषा, सापडली की तिच्या आधाराने पुन्हा वर येते. वर येताना ते खडकांतील क्षार विरघळवून आणते, म्हणून अशा पाण्याला विशिष्ट चव आणि वास असतो. कोकणात वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत अशा झऱ्यांची एक लांबलचक माळ आहे, आणि त्यांपैकी दापोलीकडील उन्हवऱ्याचे पाणी 70 अंशांच्या जवळपास जाते. उनकेश्वरचे पाणी त्या मानाने सौम्य, अंगाला सोसवणारे आहे, आणि त्यामुळेच ते स्नानासाठी कुंडात थेट वापरता आले. घाटमाथ्यापासून इतक्या दूर पूर्वेला असे झरे विरळ असल्याने भोवतालच्या मुलखात या स्थानाचे महत्त्व साहजिकच वाढले.

लोकपरंपरेनुसार हे शरभंग ऋषींचे स्थान होय. ऋषींना त्वचेच्या दुर्धर रोगाने ग्रासले असता वनवासातील रामाने बाण मारून भूमीतून ऊन पाणी काढले आणि त्या स्नानाने ऋषी बरे झाले, अशी ही कथा आहे. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात शरभंग येतात खरे. पण तेथे रोगाचा उल्लेख नाही, बाणाचा नाही आणि झऱ्याचाही नाही. तेथे ऋषी रामाचे दर्शन घेऊन अग्नीत प्रवेश करतात, जीर्ण देह टाकून कुमाररूपाने बाहेर येतात आणि ब्रह्मलोकी जातात. जुने शरीर गळून नवे मिळणे हा मूळ प्रसंगाचा गाभा लोककथेने उचलला आणि अग्नीच्या जागी ऊन पाणी ठेवले, असे म्हणता येते. हीच कथा जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या उनपदेवलाही सांगितली जाते. दोन दूरच्या झऱ्यांनी एकच ऋषी आपला मानावा, यावरून ही कथा एका गावाची राहिली नव्हती, ती रोग्याच्या आशेबरोबर झऱ्याझऱ्यांवर पोचली होती, हे दिसून येते.

या स्थानाची प्राचीनता कथेवरच अवलंबून नाही, कारण देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या काळातील येथील मराठी शिलालेख अभ्यासकांना परिचित आहे. ज्या काळात नामदेवांचे नरसी, औंढ्याचे नागनाथ मंदिर आणि माहूरचे रेणुकास्थान यांनी हा मुलूख तीर्थांच्या वाटांनी जोडला जात होता, त्याच काळात उनकेश्वरही त्या वाटांवर होते. दैवत, नदी आणि ऊन पाणी एकत्र आल्याने रोग्याच्या प्रवासाला यात्रेचे रूप मिळाले, आणि ही गोष्ट सामाजिक दृष्टीने फार मोलाची होती. त्वचारोगी, विशेषतः कुष्ठरोगी, गावच्या पाणवठ्यापासून आणि पंगतीपासून दूर ठेवला जाई; येथे मात्र स्नानासाठी येणे हाच त्याचा धर्म ठरत होता आणि त्याच्या येण्याला कारण सांगण्याची गरज उरत नव्हती.

आयुर्वेदातील स्वेदनाची कल्पना या आचाराला पूरक होती. स्वेदन म्हणजे उष्णतेने घाम आणून अंग मोकळे करणे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात त्याचे जे तेरा प्रकार सांगितले आहेत, त्यांत ऊन द्रवात बसून राहण्याचा अवगाह हा एक आहे. असा उपचार एका बुडीने होत नाही. त्याला पथ्य, विश्रांती आणि पुनरावृत्ती लागते. म्हणून ऊन पाण्याच्या स्थानी मुक्काम करणे, रोज स्नान करणे आणि देवदर्शन घेणे हा एकसंध क्रम होता, आणि वाटेच्या दुर्गमतेमुळे तो आपोआप पाळलाही जात होता.

एकोणिसाव्या शतकात ही वाट राजकीय सीमेवर आली. हिंगोली हे हैदराबाद कंटिन्जंटचे, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेचे, एक प्रमुख ठाणे होते; शहरातील पलटण, रिसाला, तोफखाना आणि पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे त्याची साक्ष देतात. या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी 1853 च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारकडे गेले आणि पैनगंगेच्या बऱ्याच भागाला दोन कारभारांमधील हद्दीचे स्वरूप आले. 1903 मध्ये कंटिन्जंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. किनवटचा भाग मात्र निजामी राज्याच्या उत्तर सीमेवर आदिलाबाद जिल्ह्यात राहिला. सागवानी जंगल आणि गोंड, कोलाम, आंध या समाजांची वस्ती असलेला हा प्रदेश हिंगोलीच्या बाजारपेठेपासून मनाने आणि अंतराने दूरच होता. याच काळात देशातील उष्णोदकांची शास्त्रीय नोंद सुरू झाली आणि टॉमस ओल्डहॅम यांची भारतातील उष्ण झऱ्यांची सूची 1882 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत निघाली.

वाट जवळ आली ती टप्प्याटप्प्याने. विसाव्या शतकाचा मध्य येईपर्यंत निजामाच्या रेल्वेचे फाटे पूर्णेहून हिंगोलीकडे आणि मुदखेडहून किनवटकडे पोचले. 1932 पासून निजाम सरकारने रेल्वेच्या जोडीला बसगाड्याही चालवल्या. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका नांदेड जिल्ह्यात आला, त्यामुळे हिंगोली आणि उनकेश्वर मराठी मुलखाच्या एकाच कारभाराखाली आले. पुढे एस.टी. आणि डांबरी रस्ते आले, आणि 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत माहूरचे दर्शन आणि उनकेश्वरचे स्नान एकाच सहलीत बसवता येऊ लागले होते.

याच शतकात रोगाचे ज्ञानही पालटले. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी 1873 मध्ये ओळखला होता. 1940 च्या दशकात डॅप्सोनचा उपचार आला, आणि 1980 च्या दशकात अनेक औषधे एकत्र देण्याच्या पद्धतीने हा रोग पूर्ण बरा होऊ लागला. शेजारच्या विदर्भात दत्तपूर आणि आनंदवन येथील कार्याने रोग्याला प्रतिष्ठेचे जीवन मिळवून दिले. ऊन पाणी सांधे आणि स्नायू सैल करते, ताठरता आणि वेदना कमी करते, हे खरे असले तरी ते जंतू मारत नाही, त्यामुळे औषध टाळून झऱ्यावर विसंबणे रोग्याच्या हिताचे नाही. तरीही ज्या पिढ्यांना औषधच उपलब्ध नव्हते, त्यांनी या पाण्यावर ठेवलेला विश्वास भाबडा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल, कारण ऊब, विश्रांती आणि माणसांतील स्थान या तिन्ही गोष्टी त्यांना येथे खरोखर मिळत होत्या.

एका दिवसाच्या सहलीने हे स्थान सर्वांच्या आवाक्यात आणले, आणि वृद्ध, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी तो मोठाच लाभ आहे. मात्र जुन्या आचाराचा आधार असलेला मुक्काम सहलीत उरत नाही, आणि कुंड मौजेच्या स्नानाचे झाले की आजारी माणूस पुन्हा कडेला सरकतो. म्हणून उनकेश्वरचा विकास करताना झऱ्याच्या पाझराचा प्रदेश खोदकामापासून जपणे, पाणी साबणापासून आणि कचऱ्यापासून मुक्त ठेवणे आणि रोग्यांसाठी राहण्याची आणि वैद्यकीय तपासणीची सोय कायम राखणे, या गोष्टींना वाहनतळ आणि दुकाने यांच्या आधी स्थान मिळाले पाहिजे. जेथे शतकानुशतके आजारी माणसाला प्रथम मान होता, तेथे तो मान टिकवणे हीच त्या परंपरेची खरी जपणूक होय.