दारिद्र्य कृती निधी, युगांडा

कर्जमाफीमुळे सुटलेला पैसा आणि देणगीदार देशांचे साहाय्य दारिद्र्यनिवारणाच्या ठरावीक बाबींवरच खर्च व्हावे, म्हणून पूर्व आफ्रिकेतील युगांडाने १९९८ मध्ये निर्माण केलेला निधी. नावात ‘निधी’ असला, तरी त्याला वेगळे बँकखाते नव्हते. अर्थसंकल्पातीलच काही खर्चशीर्षांवर खूण करून ती राखीव ठरवलेली होती.

पूर्वपीठिका : युगांडाचे बहुतांश देणे जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी अशा बहुपक्षीय संस्थांचे होते. पॅरिस क्लब या धनको देशांच्या गटाच्या वाटाघाटींत हे कर्ज येतच नसे. त्याचे हप्ते भरण्यासाठी काही युरोपीय देशांच्या मदतीने १९९५ मध्ये बहुपक्षीय कर्ज निधी उभारला गेला. प्रस्तुत निधीचे मूळ त्यातच आहे. १९९६ मध्ये अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठीची योजना (हिपिक) सुरू झाली आणि एप्रिल १९९८ मध्ये तिच्याखाली माफी पदरात पाडून घेणारा युगांडा हा पहिला देश ठरला. मे २००० मध्ये सुधारित योजनेखाली दुसरी माफी मिळाली. दोन्ही मिळून वर्तमान मूल्याने सुमारे १०० कोटी डॉलर. माफी म्हणजे हाती पडणारी थैली नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. फक्त दरवर्षीचा हप्ता वाचतो, आणि तोही आधी नियमित भरला जात असेल तरच. काही व्यापारी धनको माफीत सामील न होता न्यायालयात गेले. उलट, अतिकर्जबाजारी गरीब देशांकडील येणे सोडून देण्याचे धोरण भारताने २००३ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले.

कार्यपद्धती : प्राथमिक शिक्षण, प्राथमिक आरोग्य, पिण्याचे पाणी, ग्रामीण रस्ते व कृषिविस्तार या निधीच्या मुख्य बाबी. वर्षाच्या मध्यात महसूल घटला, तर इतर खात्यांना कात्री लागे, यांना नाही. निधीचा काही हिस्सा देखरेखीसाठी बाजूला काढलेला असे. दर तिमाहीला देणगीदार व स्वयंसेवी संस्थांसमोर हिशेब मांडला जाई. युगांडा डेट नेटवर्क (स्थापना १९९६) ही संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत पाहणी करी. ही घडी बसवण्याचे श्रेय मुख्यतः वित्त मंत्रालयाचे तत्कालीन स्थायी सचिव इमॅन्युएल टुमुसिइमे-मुटेबिले यांना दिले जाते.

शाळा-अनुदानाची गळती : निधीच्या आधीपासूनचे हे प्रकरण सर्वांत तपशीलवार नोंदले गेले आहे. शिक्षणावरचा खर्च वाढत असता सरकारी आकडेवारीत पटसंख्या मात्र जागच्या जागी होती. त्यामुळे १९९६ मध्ये २५० शाळांचे दप्तर तपासण्यात आले. १९९१ ते १९९५ या काळात विद्यार्थ्यामागे मिळावयाच्या अनुदानापैकी सरासरी १३ टक्केच रक्कम शाळांपर्यंत पोचली होती आणि बहुतेक शाळांना एक शिलिंगही मिळाला नव्हता. पैसा मुख्यतः जिल्हा पातळीवर जिरत होता. गंमत अशी की, शाळांच्या हजेरीपटांवर मुले वाढलेली होती. ती केंद्राच्या आकडेवारीत दिसत नव्हती. पाहणीचे निष्कर्ष येताच सरकारने जिल्ह्यांना दरमहा पाठवलेल्या रकमा वृत्तपत्रांतून छापण्यास सुरुवात केली. मिळालेली रक्कम शाळेने आपल्या फलकावर लावावी, असाही दंडक घातला. आता रक्कम आलीच नाही असे सांगणाऱ्या जिल्हा अधिकाऱ्यापुढे मुख्याध्यापक वर्तमानपत्राचे कात्रण ठेवू शकत होता. २००१ पर्यंत गळती २० टक्क्यांच्या खाली आली, असे अर्थतज्ज्ञ रित्वा रेनिक्का व याकोब स्वेन्सन यांनी दाखवले. या घटीचे सारे श्रेय वृत्तपत्रांना द्यावे काय, याविषयी मतभेद आहेत. त्याच काळात अर्थव्यवहाराच्या इतर सुधारणाही चालू होत्या आणि जानेवारी १९९७ पासून प्राथमिक शिक्षण निःशुल्क झाल्याने पटसंख्या एका वर्षात सुमारे ३० लाखांवरून ५० लाखांपलीकडे गेली होती. माफीच्या रकमेपेक्षा ही जाहीर हिशेबाची रीतच या प्रयोगाची खरी मिळकत मानावी लागते.

आरोग्य व पाणी : येथेही तरतुदी वाढल्या; पण पैसा शेवटपर्यंत पोचतो का, याची शाळांसारखी पाहणी नंतरच्या काळात, तुटकपणे झाली.

परिणाम व आक्षेप : दारिद्र्यरेषेखालील लोकांचे प्रमाण १९९२ मधील सुमारे ५६ टक्क्यांवरून २००० पर्यंत सुमारे ३४ टक्क्यांवर आले. यात निधीचा वाटा किती व नव्वदीच्या मध्यातील कॉफीच्या तेजीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. यादवीत होरपळलेला उत्तर भाग मागेच राहिला. कॉफीचे भाव कोसळताच निर्यातीच्या तुलनेत कर्जाचे प्रमाण पुन्हा मर्यादेबाहेर गेले. राखीव बाबींमुळे न्यायालये, वीज आदी खर्च आकसला, हा आक्षेप अर्थखात्यातूनच आला. काँगोतील लष्करी मोहिमेच्या खर्चावरून देणगीदारांशी खटके उडाले.

नंतरची वाटचाल : जी-८ देशांच्या ग्लेनईगल्स परिषदेतील (२००५) निर्णयानुसार पुढील वर्षी बहुपक्षीय कर्जाचा मोठा भाग रद्द झाला. २०१२ मध्ये पंतप्रधान कार्यालयातून उत्तर युगांडासाठीच्या मदतीचा अपहार उघडकीस आल्यावर आयर्लंड, नॉर्वे आदी देशांनी साहाय्य थांबवले. त्यानंतरची काही मोठी कर्जे, उदाहरणार्थ करुमा जलविद्युत प्रकल्पासाठीचे, चीनच्या एक्झिम बँकेकडून घेतलेली असून तिमाही जाहीर हिशेबाची अट त्यांना नाही.