नानखटाई कुणाची?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या बचत गटांतल्या बायांच्या मुलांना घेऊन आम्ही समाजमंदिरात नानखटाई केली. सोळा मुलं, दोन जाड कढया आणि एक जुना कुकर. पीठ मळता मळता तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, नानखटाई आपली का त्यांची?"

मी विचारलं, "त्यांची म्हणजे कुणाची रे?"

"भट्टीवाल्या चाचांची. घरी म्हणले, औंदा तिथून आणायची नाही."

सगळी मुलं माझ्याकडं बघायला लागली. मला लगेच उत्तर सुचलं नाही. घरी येऊन मी विचार केला, वाचलं, आणि आज ते तुमच्यापुढं मांडते.

आधी माझ्या लहानपणचं सांगते. दिवाळीच्या आठ दिवस आधी आई डबे भरायची. एकात मैदा आणि रवा, एकात पिठीसाखर, एकात तूप. ते घेऊन आम्ही भावंडं भट्टीवर जायचो. तिथं बायांची रांग. चाचा सामान परातीत घालून मळायचे, पत्र्यावर गोळे मांडायचे आणि पत्र्यावर नंबराची चिठ्ठी ठेवायचे. आमचं काम एकच, आपल्या तुपावर लक्ष ठेवायचं! गरम पत्रा बाहेर आला की चाचा तुटलेली खटाई आमच्या हातावर ठेवायचे. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरची दिवाळी अशीच भट्टीतून आलेली असेल.

आता ही खटाई आली कुठून? 'नान' हा फारसी शब्द, त्याचा अर्थ रोटी. 'खताई' म्हणजे खता देशाची, आणि खता हे चीनचं जुनं नाव, असा अर्थ पुष्कळ जण लावतात. म्हणजे नावातच इराण आणि चीन. पदार्थाची गोष्ट मात्र सुरतेची सांगतात. सुरत तेव्हा मोठं बंदर होतं, तिथं डच व्यापाऱ्यांची वखार होती. त्यांच्यासाठी पाव भाजणारी भट्टी होती. डच गेले तेव्हा ती भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडं आली. पाव घेणारे गोरे कमी झाले, पाव उरून वाळायला लागले. लोकांना ते कडक वाळलेले पाव चहात बुडवून खायला आवडले. त्यातून बिस्किटं आली, आणि पुढं आपल्या लोकांच्या जिभेला रुचेल अशी तुपाची, गोड नानखटाई.

म्हणजे बघा, भट्टी डचांची, हात पारशांचे, नाव फारसी, तूप-साखर आपली. साखरेचंही तसंच. उसाच्या रसापासून खडे करायची कला भारतात फार जुनी. आपल्या 'शर्करा' शब्दापासून अरबी 'सुक्कर' झाला आणि इंग्रजी 'शुगर'सुद्धा. उलट हिंदीत साखरेला 'चीनी' म्हणतात ते चीनवरून, आणि 'मिस्री' ते मिसर म्हणजे इजिप्तवरून. एका वाटीत किती देश आहेत!

खटाईची भावंडंही जगभर आहेत. इराणमध्ये नवरोजला हरभऱ्याच्या पिठाची छोटी बिस्किटं करतात, वेलदोडा घालून. आपण खटाईत बेसन घालतो तशीच. स्कॉटलंडमध्ये शॉर्टब्रेड करतात. त्याचं जुनं माप एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ. अरब देशांत तूप, साखर आणि पिठाची घुरैबा असते. सगळीकडं युक्ती एकच. तूप पिठाच्या कणांना वेढतं, त्यामुळं पीठ चिवट होत नाही आणि घास तोंडात विरतो.

आता काही जणी म्हणतील, भट्टीत भाजणं हे आपलं कामच नाही. तसं नाही बायांनो. आपल्या मराठवाड्यात शेतात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात, ते काय आहे? कोकणात मोठ्या काकडीचा कीस, रवा आणि गूळ घालून धोंडस करतात. पातेल्याच्या खाली विस्तव आणि झाकणावर निखारे. गोव्याचं बेबिंक तर थरावर थर देऊन करतात. मैदा, नारळाचं दूध, अंड्यातला पिवळा बलक, साखर, तूप. प्रत्येक थर वरून आच देऊन भाजायचा, मगच पुढचा ओतायचा. 2023 मध्ये गोव्याच्या बेबिंकला भौगोलिक मानांकन मिळालं. ओव्हन घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी बायांनी वर-खाली निखारे ठेवून हे जमवलं होतं.

आपल्या शहराचंही बघा. इथली नान-खलिया प्रसिद्ध. 1327 च्या सुमारास मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्याच्या फौजेबरोबर ही नान आली असं सांगतात. पाणचक्कीला आपण सहलीला जातो. तिथं नहरीच्या पाण्यावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. 

आता कृती सांगते, मुलांना बरोबर घेऊन करा. अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, पाव वाटी बेसन, अर्धी वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी थिजलेलं तूप, चिमूटभर सोडा, वेलदोडा. तूप आणि साखर हातानं हलकी होईपर्यंत फेसा, मग पीठ मिसळा, फार मळू नका. ज्वारीला चिकटपणा नसतो, म्हणून भाकरी थापताना जीव जातो. खटाईला मात्र तोच गुण कामी येतो. जाड कढईत वाटीभर मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा, झाकून दहा मिनिटं तापवा. तूप लावलेल्या ताटलीत गोळे अंतर ठेवून मांडा, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. गरम असताना मऊ लागतात, गार झाल्यावर खुसखुशीत होतात. गोळे मुलांनी करावेत, मुलग्यांनीसुद्धा. कढई आपण हाताळावी, मीठ फार तापतं.

पुढच्या रविवारी मुलं परत जमली, तेव्हा मी त्या पोराला जवळ बसवलं आणि ही सगळी गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग ती ज्यानं केली त्याची. आणि ज्याला दिली त्याची."

मला काही यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं. त्यानं आपल्या वाटणीच्या सहा खटाया मोजल्या, दोन कागदात बांधल्या आणि भट्टीच्या दिशेनं पळाला. त्याच्या घरी पुढं काय बोलणं झालं, ते मला माहीत नाही. पण यंदा दिवाळीला मी माझे डबे भरून भट्टीवर नेणार आहे, आणि त्याच्या आईला बरोबर चल म्हणणार आहे.

तुम्हीही करून बघा. आणि मुलांनी काय विचारलं, ते पुढच्या बैठकीत नक्की सांगा.