आठ फोटोंचा रोल

लहानपणी ज्यांच्या घरी आगफाचा क्लिक थ्री होता, त्यांना १२० नंबरचा रोल आठवत असेल. फिल्मच्या मागे कागद, कागदावर आकडे, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीतून ते बघत रोल पुढे सरकवायचा. कोडॅकने तो १९०१ साली काढला आणि आजही तो विकत मिळतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात दहा वर्षांपूर्वीची फाइल धड उघडली तरी पेढे वाटावेसे वाटतात, म्हणून मला याचं फार अप्रूप!

या मोठ्या फिल्मची एक अडचण होती. अंतर जरा चुकलं की चेहरे पुसट यायचे. त्यावर ड्रेस्डेनच्या त्साइस इकॉन कंपनीने १९३४ साली सुपर इकॉन्टा आणला. भात्याचा, मिटून ठेवता येणारा, आणि स्वतः अंतर मोजणारा. तत्त्व आपल्या विज्ञानाच्या तासाचंच. नाकासमोर बोट धरून आधी एक डोळा मिटा, मग दुसरा, बोट सरकतं. जवळचं जास्त, लांबचं कमी. कॅमेऱ्यालाही असे दोन डोळे असतात. दृश्यात माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, चक्र फिरवत त्या एकमेकींवर बसवल्या की भिंगही नेमकं त्याच अंतरावर जुळलेलं असतं. बॅटरी नाही, काही नाही. नुसता त्रिकोण.

महायुद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात याच घडणीचे 'मॉस्क्वा' कॅमेरे निघाले. पुढे जपान्यांनी हा प्रकार हाती घेतला: १९६८ चा फुजिका जी ६९०, आणि आपण दहावीत गेलो त्या १९९५ सालचा मामिया ७. मग डिजिटल आलं, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्याकडे जुना मॉस्क्वा-५ आहे. एका रोलवर फक्त आठ फोटो, पण निगेटिव्ह नेहमीच्या ३५ मिलिमीटरपेक्षा पाचपटीने मोठी. हे इतकं सांगण्याचं कारण आपला दहावीचा ग्रुप फोटो. स्टुडिओ बंद झाला, निगेटिव्ह रद्दीत गेल्या. उरलेल्या प्रिंटवरून मी स्कॅन केला, खूप मोठा करून पाहिला. शेवटच्या रांगेत डावीकडून तिसरा, जो आता आपल्यात नाही, त्याच्या चेहऱ्याच्या जागी चार करडे ठिपके आहेत. त्याच्या आईंना द्यायला दुसरा फोटो कुणाकडेच सापडला नाही. संगणकाने तो चेहरा 'सुधारून' देता येईल, पण तो त्याचा नसेल. मी नाही म्हटलं.

म्हणून दुपारच्या जेवणाआधी सगळ्यांनी पटांगणात यावं. सर, बाई पुढच्या खुर्च्यांवर. मला चक्र फिरवायला मिनिटभर लागेल, तेवढं हलू नका. निगेटिव्ह शाळेच्या ग्रंथालयात ठेवायची परवानगी मुख्याध्यापकांकडून घेतली आहे.