मिहानमधला ‘गोल्डन अवर’ तासभर का टिकत नाही?

सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तापूर्वी पडणाऱ्या सोनेरी उजेडाला फोटोग्राफीत ‘गोल्डन अवर’ म्हणतात. रील्स आणि पोस्टमध्ये हा शब्द सर्रास दिसतो. नावात तास असला, तरी नागपूरच्या मिहानमध्ये हा उजेड जेमतेम अर्धा तास टिकतो. शिफ्ट संपल्यावर चहा घेऊन मग फोन बाहेर काढणाऱ्यांना तो बहुतेकदा मिळतच नाही.

उजेड सोनेरी का होतो?

सूर्य क्षितिजावर असताना त्याच्या किरणांना डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे 38 पट जास्त हवा पार करावी लागते. वाटेत निळा प्रकाश विखुरतो आणि पिवळा-तांबडा उरतो. किरण तिरपे असल्याने सावल्या लांबतात. गवताची पाती, मातीची ढेकळे, चेहऱ्याची ठेवण उठून दिसते.

मग वेळ कमी का?

सूर्य क्षितिजापासून साधारण 6 अंश उंचीपर्यंत असतो, तोवर हा उजेड मिळतो. नागपूर सुमारे 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य बराच सरळ खाली उतरतो. लंडनमध्ये तो तिरका घसरतो, त्यामुळे तेवढ्याच उतरणीला 40 मिनिटांहून जास्त लागतात. म्हणून परदेशी व्हिडिओंमधले वेळेचे गणित इथे चुकते.

मिहानमध्ये कधी जावे?

डिसेंबरअखेर सूर्य सकाळी 6:50च्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी 5:40च्या आसपास मावळतो. ठिकाणावर 5 वाजताच पोहोचलेले बरे. या दिवसांत भर दुपारीही सूर्य साधारण 45 अंशांवरच असतो, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतले फोटोही चांगले येतात.

मेअखेर सूर्यास्त 6:50च्या सुमारास होतो. 26 मेच्या आसपास नागपुरात शून्य सावली दिवस असतो. दुपारी 12:10च्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. अशा वेळी चेहऱ्याचे फोटो उघड्यावर न काढता इमारतीच्या आडोशाला काढावेत.

मिहानच का?

सीताबर्डीत सूर्य मावळण्याआधीच इमारतींआड जातो. वर्धा रोडलगतच्या मिहानमध्ये रुंद रस्ते आणि मोकळे माळ आहेत, त्यामुळे क्षितिज दिसते. संध्याकाळी काचेच्या इमारतींवरून परावर्तित झालेला उजेड सावलीतल्या बाजूलाही पोहोचतो. मात्र जसजशी बांधकामे होतील, तसतसे हे उघडे क्षितिज आक्रसत जाईल. आज काढलेला फोटो उद्या या जागेची नोंद ठरू शकतो.

फोनवर काय करावे?

- फोनचा ‘ऑटो’ व्हाइट बॅलन्स सोनेरी छटा काढून टाकू शकतो. प्रो मोडमध्ये ‘डेलाइट’ निवडावे.
- काळ्या मातीचा भाग जास्त असेल, तर फोन चित्र उगाच उजळ करतो. आकाशावर बोट टेकवून एक्स्पोजर थोडे कमी करावे.
- सूर्य मावळताच निघू नये. पुढची वीसेक मिनिटे आकाश निळे-जांभळे राहते.

काय पाळावे?

शेजारीच विमानतळ आहे, त्यामुळे परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये. कंपन्यांच्या आवारात आणि सेझच्या हद्दीत फोटो काढण्यापूर्वी सुरक्षारक्षकांना विचारावे. नोव्हेंबर 2019मध्ये या परिसरात वाघ दिसला होता. पहाटे झुडपांत एकट्याने शिरण्यापेक्षा रस्त्यालगतच थांबावे.